रात्रीच्या आकाशातली झेन्या

येवगेनिया रुदनेवाला रात्रीचं आकाश बघायचं होतं ते दुर्बिणीतून. मॉस्को विद्यापीठात ती खगोलशास्त्र शिकत होती. ज्यांचं तेज कमी-जास्त होतं अशा ताऱ्यांच्या नोंदी ठेवणं हे तिचं आवडतं काम. जन्म २४ डिसेंबर १९२०चा, युक्रेनमधल्या बेरद्यान्स्कचा. आईवडिलांची एकुलती एक. सगळे तिला झेन्याच म्हणायचे.

ऑक्टोबर १९४१मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या जवळ आल्या. मरीना रास्कोवा तेव्हा मुलींच्या विमानपलटणी उभ्या करत होती. झेन्याने शिक्षण अर्धवट सोडलं आणि ती नॅव्हिगेटर झाली. म्हणजे नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ घेऊन वैमानिकाला अंधारात वाट दाखवणारी, बॉम्ब टाकणारी.

या पलटणीत वैमानिकापासून मेकॅनिकपर्यंत सगळ्या बायकाच. गणवेश मात्र पुरुषांच्या मापाचे, बूटसुद्धा! विमान पो-२, मुळात शिकाऊंसाठी बनवलेलं, लाकडाचं आणि कापडाचं. वर छप्पर नाही, गोळी लागली की पेटायचंच. लक्ष्याजवळ इंजिन मंद करून अलगद तरंगत यायचं, बॉम्ब टाकायचे, परतायचं, बॉम्ब भरून पुन्हा निघायचं. एका रात्रीत अशा कितीतरी फेऱ्या. जर्मन सैनिक त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणू लागले. बाई भारी पडली की ती चेटकीण, हे काही फक्त आपल्याकडेच नाही तर!

फावल्या वेळी झेन्या डायरी लिहायची, मैत्रिणींना परीकथा सांगायची. पुढे ती अख्ख्या पलटणीची मुख्य नॅव्हिगेटर झाली. आता नकाशे बघत तळावर थांबली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण नवी वैमानिक आली की तिच्याबरोबर झेन्या स्वतः जायची. नवख्या मुलीच्या मागे अनुभवी माणूस हवं, एवढंच तिचं म्हणणं.

९ एप्रिल १९४४च्या रात्रीही क्रिमियातल्या केर्चजवळ पुढे एक नवखी वैमानिक होती आणि मागे झेन्या. तिचं हे ६४५वं उड्डाण. लक्ष्यावरच विमानाला गोळे लागले. पेटलेलं विमान मैत्रिणींनी आकाशात पाहिलं. दोघीही गेल्या. झेन्या होती अवघी तेवीस वर्षांची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिला मरणोत्तर ‘सोव्हिएत संघाची वीर’ हा किताब मिळाला.

१९७२मध्ये त्याच क्रिमियातल्या वेधशाळेत तमारा स्मिर्नोवा या खगोलशास्त्रज्ञ बाईंना एक लघुग्रह सापडला. त्याचं नाव आहे १९०७ रुदनेवा.