एडिसनशी टक्कर घेतली, कंपनी डबघाईला आली. पण वॉकी-टॉकीची बॅटरी याच माणसामुळे मिळाली

पनवेलजवळचं न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. त्या काळात बंदरावरचा वॉकी-टॉकी घ्या नाहीतर हौशी रेडिओवाल्याच्या हातातला सेट, मागच्या बॅटरी पॅकमध्ये बहुतेक वेळा निकेल-कॅडमियमचेच सेल असायचे. हा सेल शोधला स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने.

युंगनरचा जन्म १८६९ चा. त्या वर्षी स्वीडनमध्ये दुष्काळ होता. वडील पाद्री होते, पण हा तेरा वर्षांचा असतानाच ते वारले. तरी पोरगं शिकलं. उप्सालाच्या विद्यापीठात रसायनशास्त्र आणि गणित केलं.

तेव्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी म्हणजे शिसं आणि ॲसिड. तिच्यात ॲसिड स्वतःच रासायनिक क्रियेत भाग घेतं, त्यामुळे प्लेटा खराब होत जातात. युंगनरने वेगळा विचार केला. आतलं द्रव्य फक्त वीज वाहून नेईल, स्वतः खर्च होणार नाही, अशी बॅटरी त्याला हवी होती. म्हणून त्याने ॲसिड सोडून अल्कली धरली आणि १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी तयार केली.

कॅडमियम महाग होतं. त्याजागी त्याने लोखंडही वापरून पाहिलं. स्वस्त पडलं, पण चार्जिंग नीट होईना आणि गॅस जास्त सुटू लागला. त्याने तो नाद सोडला.

इथेच एडिसनची एंट्री झाली. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी बॅटरी शोधणाऱ्या एडिसनने १९०१ साली निकेल-लोखंडाच्या बॅटरीचं पेटंट मागितलं. आधी कोणी शोधलं, यावरून वाद पेटला. एडिसनकडे पैसा होता, नाव होतं. युंगनरने १९०० साली काढलेली कंपनी या भांडणात आणि कारखान्याला लागलेल्या आगीत पुरती खिळखिळी झाली. पुढे नव्या नावाने ती पुन्हा उभी राहिली आणि ऑस्करशमन गावात उत्पादन सुरू झालं. तिथे आजही निकेल-कॅडमियम बॅटऱ्या बनतात.

१९२४ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी युंगनर न्यूमोनियाने गेला. हातात मावणारा रेडिओ त्याने पाहिलाच नाही. कारण त्याच्या बॅटरीतून गॅस सुटायचा, वरून पाणी घालावं लागायचं. गॅस आतल्या आत जिरवणारा पूर्ण बंद सेल १९४७ मध्ये जमला, आणि मग ही बॅटरी आडवी-तिडवी कशीही धरता येऊ लागली.

आता पॅक दुरुस्तीचं बघू. निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा. ७.२ व्होल्टच्या पॅकमध्ये असे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. बहुतेक वेळा अख्खा पॅक मेलेला नसतो, त्यातला एखादा सेल बसलेला असतो. तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे पाच त्याच्यातून उलटा करंट ढकलून त्याला आणखी मारतात. म्हणून जाणकार पॅक चार्ज करून, थोडा लोड देऊन प्रत्येक सेल मल्टीमीटरने वेगळा तपासतात. एकच नवा सेल टाकला तर तो जुन्यांशी जुळत नाही, त्यामुळे सगळे सेल एकाच क्षमतेचे बदलणं बरं. सेलवर थेट सोल्डर करत नाहीत, उष्णतेने आतलं सील जातं. निकेलची पट्टी आधीच लावलेले सेल घेतात.

आजच्या सेटमध्ये बहुधा लिथियम-आयन असतं. त्याला जुना निकेलचा चार्जर लावायचा नाही, आग लागू शकते.

आणि निकामी झालेला जुना सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. तो ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायचा.