सफरचंद हलत नाही

शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसला होतात? मग स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. मागे पडदा, पुढे एखादं भांडं, दोन-तीन फळं आणि डोक्यावर घड्याळ. आता कल्पना करा, तुमच्या शेजारचा मुलगा एकाच सफरचंदाकडे इतका वेळ बघतोय की सफरचंद सडायला आलं तरी त्याचं चित्र अर्धंच. पॉल सेझान हा असा माणूस होता. नापास झाला असता म्हणता? झालाच. पॅरिसच्या सरकारी कला महाविद्यालयाने त्याला प्रवेशच दिला नाही.

जन्म १८३९ चा, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांस गावातला. वडील आधी टोप्यांचे व्यापारी, मग थेट बँकेचे मालक. शाळेत त्याचा जिगरी दोस्त होता एमिल झोला, पुढे मोठा कादंबरीकार झाला तोच. पोरं झोलाला छळायची, सेझान त्याच्या बाजूने उभा राहिला आणि मार खाऊन आला. दुसऱ्या दिवशी झोलाने त्याला टोपलीभर सफरचंदं आणून दिली, अशी गोष्ट सांगतात.

वडिलांना मुलगा वकील हवा होता. त्यामुळे आधी लॉ, मग हट्टाने पॅरिस, तिथे काही महिन्यांत हिंमत खचली म्हणून परत गावी वडिलांच्याच बँकेत, आणि तिथे जीव रमेना म्हणून पुन्हा पॅरिस. ओळखीचं वाटतंय ना? पॅरिसच्या ‘सलोन’ या सरकारी प्रदर्शनात चित्र लागलं तरच चित्रकार म्हणून किंमत. तिथून सेझानची चित्रं वर्षानुवर्षं परत येत राहिली. १८८२ मध्ये एकदाच त्याला प्रवेश मिळाला, तोही परीक्षक मंडळातल्या मित्राचा शिष्य म्हणून.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. इतक्या नकारांनंतरही तो टिकला, कारण घरून पैसे येत होते. कमी, धाकात, पण येत होते. ते बंद होतील या भीतीने त्याने ऑर्तांस फिके ही जोडीदार आणि १८७२ मध्ये झालेला मुलगा, दोघांना वडिलांपासून अनेक वर्षं लपवून ठेवलं. वडिलांनी एक पत्र फोडलं, संशय आला, खर्चाचे पैसे कापले. तेव्हा ऑर्तांसचं घर चालवायला झोलाने मदत केली. लग्न झालं थेट १८८६ मध्ये. त्याच वर्षी वडील गेले आणि घसघशीत वारसा मिळाला. त्याने ऑर्तांसची कितीतरी चित्रं काढली, पण तिच्या वाट्याला काय आलं, हे त्या चित्रांतला तिचा चेहरा बघूनच ठरवा.

आता पुन्हा सफरचंदाकडे येऊ. माणूस कंटाळतो, ढग सरकतात, फूल कोमेजतं. सफरचंद निदान काही दिवस तरी थांबतं. म्हणून सेझानला फळं आवडायची. फुलं काढायची तर तो कागदाची घ्यायचा. व्होलार नावाचा कलाविक्रेता पोर्ट्रेटसाठी त्याच्यासमोर शंभराहून जास्त वेळा बसला. एकदा तो पेंगून पडला, तेव्हा सेझान त्याच्यावर चिडला, की सफरचंद कधी हलतं का?

हे सफरचंद रंगवायचं कशाने? १९०४ मध्ये भेटायला आलेल्या एमिल बर्नार या तरुण चित्रकाराने त्याच्या पॅलेटवरच्या रंगांची यादीच लिहून ठेवली. बरेचसे रंग खनिजांचे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. निळा कोबाल्टचा. एक झगझगीत हिरवा तांबं आणि आर्सेनिकचा, म्हणजे चक्क विष! आणि मग साध्या मातीचे रंग. आपण कुंडीला, तुळशी वृंदावनाला लावतो तो गेरू त्याच्याही पॅलेटवर होता. त्याच्या गावाजवळ बिबेमूस नावाची दगडाची जुनी खाण आहे, तिचा दगडच गेरव्या-पिवळ्या रंगाचा. तिथेही तो चित्रं काढत बसायचा.

गोलाई दाखवायला आपण काय करतो? एका बाजूला काळपट सावली देतो. सेझान लालच्या शेजारी पिवळा ठेवतो, मग हिरवा, कडेला निळा, असे छोटे छोटे पट्टे. ऊबदार रंग पुढे येतो, थंड रंग मागे जातो आणि फळ गोल होतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं ‘सफरचंदांची टोपली’ हे चित्र फोनवर शोधा. टेबलाची डावी कड आणि उजवी कड जुळतच नाही. बाटली कललेली. ड्रॉइंगच्या सरांनी लाल पेनाने गोल केला असता. पण आपण टेबलाकडे बघताना मान हलते, डोळा सरकतो, एका जागी खिळलेला नसतो. सेझानने ते सरकणंही चित्रात येऊ दिलं. पिकासो आणि ब्राक यांनी पुढे जे क्युबिझम केलं, त्याची वाट इथूनच निघते.

झोलाचं काय झालं? १८८६ मध्येच त्याची एका अपयशी चित्रकारावरची कादंबरी आली आणि त्यात लोकांना सेझान दिसला. त्यावरून मैत्री कायमची तुटली, असं किती तरी वर्षं सगळे लिहीत होते. मग २०१३ मध्ये सेझानने झोलाला लिहिलेलं १८८७ चं एक पत्र पुढे आलं. म्हणजे गोष्ट तितकी सरळ नव्हती.

त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन व्होलारने १८९५ मध्ये भरवलं, तेव्हा तो ५६ वर्षांचा होता. मधुमेहाने थकलेला, पण थांबला नाही. १५ ऑक्टोबर १९०६ ला बाहेर चित्र काढताना वादळी पावसात सापडला, कोसळला. धोब्याच्या गाडीत घालून त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा चित्रापुढे. त्यानंतर आठवडाभरात तो गेला. त्याआधी १७ तारखेला त्याने रंगाच्या दुकानदाराला एक पत्र पाठवलं होतं. रंगाच्या दहा नळ्या मागवून आठ दिवस झाले, अजून उत्तर का नाही, अशी त्यात तक्रार होती.