तोयोहिको कागावा : वस्तीतील शेजारी

जपानमधील कोबे शहरात शिंकावा ही अत्यंत दरिद्री वस्ती होती. १९०९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी ईश्वरविज्ञानाचे एकवीस वर्षांचे विद्यार्थी तोयोहिको कागावा तेथे राहावयास गेले. त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, निराश्रितांना आपल्या खोलीत घेतले. त्या सहवासात त्यांना खुपरीचा रोग जडला व दृष्टी कायमची अधू झाली. १९१३ साली विवाहानंतर पत्नी हारू याही त्या सेवेत सहभागी झाल्या.

तथापि केवळ दानधर्माने दारिद्र्य हटत नाही, हे त्यांना उमगले. अमेरिकेतील शिक्षण संपवून १९१७ साली परतल्यावर त्यांनी कामगारांना संघटित केले. १९२१ चा जहाजबांधणी कामगारांचा संप फसला. कागावांना तुरुंगवास घडला. परंतु त्याच वर्षी कोबेत सभासदांच्या भांडवलावर ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. काल भिक्षेसाठी पसरलेला हात आता आपल्याच दुकानाचा कारभार पाहू लागला.

त्यांची चूकही सांगितली पाहिजे. १९१५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बहिष्कृत बुराकू समाजाला हीन लेखणारी विधाने केली होती. शेजारी राहूनही मनातील भिंत उरू शकते.

१९६० साली कागावा निवर्तले. सहकारी संस्था मात्र आजही चालू आहे. सेवक जातो; संघटित झालेले शेजारी मागे राहतात.