उरले ते सेवेला वाहिले

देवापुढे हात जोडून आपण बहुधा काही तरी मागतो. मागितलेले लाभले की श्रद्धा दृढ होते; परंतु ते लाभलेच नाही, तर त्या श्रद्धेचे काय होते, ही खरी कसोटी होय. या कसोटीस उतरलेल्या एका ख्रिस्ती स्त्रीवैद्यांचे चरित्र आजच्या सणाच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव डॉ. मेरी वर्गीस.

मेरीबाईंचा जन्म १९२५ साली कोचीनकडील एका सधन ख्रिस्ती कुटुंबात झाला. डॉ. आयडा स्कडर यांनी वेल्लोर येथे १९१८ साली सुरू केलेल्या वैद्यकीय विद्यालयात त्या शिकल्या आणि तेथेच सेवेस लागल्या. पुढे १९५४ च्या जानेवारीत सहकाऱ्यांसह सहलीस जात असता त्यांची मोटार उलटली. मज्जारज्जूस जबर इजा झाली आणि कमरेखालील सारे शरीर कायमचे निश्चल व बधिर झाले. चेहऱ्यावरही मोठी जखम झाली. वय अवघे अठ्ठावीस!

पायांत पुन्हा बळ यावे, अशी प्रार्थना त्यांनी केली नसेल असे कोण म्हणेल? पण पाय परत आले नाहीत. तेव्हा त्याच रुग्णालयातील शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांची दृष्टी गेलेल्या पायांवरून उरलेल्या हातांकडे वळविली. ब्रँड हे कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करीत. या रोगात मज्जातंतू निकामी होऊन हाताचे लहान स्नायू लुळे पडतात व बोटे नखीसारखी आत वळतात. अशा वेळी एखाद्या सशक्त स्नायूची कंडरा बोटांकडे वळवून जोडतात आणि मग व्यायामाने त्या स्नायूस नवे काम शिकवितात. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. मेरीबाई चाकांच्या खुर्चीत बसून ती विद्या शिकल्या आणि समाजाने दूर लोटलेल्यांचे हात त्यांनी आपल्या हाती घेतले.

येथे एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. कुष्ठरोग्याच्या बधिर हातास चटका बसला तरी कळत नाही. मेरीबाईंच्या बधिर देहास एकाच जागी भार पडून जखम झाली तरी कळत नसे. त्वचा जे सांगत नाही, ते डोळ्यांनी पाहून जपावे लागते. वैद्य आणि रुग्ण यांचे दुःख असे एकाच जातीचे होते. धीर धरण्याचा उपदेश त्या खुर्चीतून आला, म्हणजे तो कोरडा कसा ठरावा?

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे उपचार घेऊन त्या अधिक स्वावलंबी झाल्या. नंतर न्यूयॉर्क येथे डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी पुनर्वसनवैद्यकाचे शिक्षण घेतले. परतल्यावर वेल्लोरच्या भौतिकोपचार व पुनर्वसन विभागाची धुरा त्यांनी वाहिली, आणि १९६६ साली तेथे रुग्णांना राहून उपचार घेता येतील अशी पुनर्वसनसंस्था उभी राहिली. पलंगावरून खुर्चीत कसे यावे, बाहूंचे बळ कसे वाढवावे, कूस वेळोवेळी बदलून जखमा कशा टाळाव्यात, असे साधे दिसणारे परंतु जीव राखणारे शिक्षण अशा ठिकाणी मिळते. १९७२ साली शासनाने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. १९८६ च्या डिसेंबरात त्यांचा देह विसावला.

मेरीबाईंना चमत्कार लाभला नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यांची बत्तीस वर्षे खुर्चीतच गेली. तरीही त्यांची येशूवरील निष्ठा ढळली नाही आणि ती केवळ प्रार्थनामंदिरातही राहिली नाही. शस्त्रक्रियेच्या मेजापाशी, रुग्णाच्या उशापाशी ती रोज कामास आली. आज देवापुढे हात जोडताना, काय हवे हे सांगून झाल्यावर, जोडलेल्या त्या हातांकडेही वाचकांनी क्षणभर पाहावे, एवढीच आमची विनंती.