गाडगेबाबांचा उघडा हिशेब

व्यसनमुक्तीसाठी पायी फेरी काढावी असे कुणाच्या मनात आले, की पहिल्याच बैठकीत विषय निघतो तो पैशांचा. बोरिवलीचे भजनी मंडळ असो, घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीतली तरुण मंडळी असोत, की अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांतले सेवानिवृत्त गृहस्थ असोत, अडचण सगळ्यांची एकच. फलक हवेत, वाटेत पाणी हवे, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी एखादी गाडी हवी. खरा खर्च तर त्यापुढचा. फेरी पाहून जो बापडा दारू सोडायला तयार होईल, त्याला उपचाराला पाठवायचे कुणाच्या पैशावर? मग पावतीपुस्तक छापले जाते आणि वर्गणीला दारोदार जाणे येते. दिंडीची भिशी गोळा करणाऱ्या आपल्या वारकऱ्यांना हे काम नवे नाही. परंतु व्यसनाच्या कामासाठी पैसा मागणे आणि इतर कामांसाठी मागणे यांत एक मोठे अंतर आहे. ते अंतर ज्या पुरुषाला पुरते कळले होते, त्याचे चरित्र आज आपण पाहू. ते पुरुष म्हणजे श्रीसंत गाडगेबाबा.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव. जात परीट, आडनाव जाणोरकर, पाळण्यातले नाव डेबूजी. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई. घर खाऊनपिऊन सुखी म्हणावे असे होते. परंतु त्या काळी देवाच्या नावाने बकरे कापायचे आणि प्रसाद म्हणून दारू प्यायची, असा रिवाज जातीत होता. झिंगराजी त्या पंक्तीत बसले. आधी सणावारी, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज. दारू माणसाला एकदम गिळत नाही, पायापासून वर वर गिळत येते. त्यांची तब्येत गेली, घरची पुंजी गेली, आणि १८८४ साली ते स्वतःही गेले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. शेवटच्या दिवसांत झिंगराजींना आपली चूक कळली होती आणि पोराला या मार्गाला लावू नकोस असे त्यांनी पत्नीला बजावले होते, असे चरित्रकार सांगतात. शहाणपण आले, पण मरणाच्या दारात आले. व्यसनी माणसाच्या घरी बहुधा असेच होते.

सखूबाई पोराला घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूरजवळ दापुरे गाव आहे, तिथे तिचा भाऊ चंद्रभानजी राहत असे. भावाच्या घरी राहायचे म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत राबायचे, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. डेबूजी गुरांमागे जाऊ लागला, नांगराला जुंपून घेऊ लागला. शाळा नाही, पाटी नाही. अंगात बळ होते आणि कामाचा कंटाळा नव्हता. गुराख्यांच्या मेळ्यात भजन मात्र तो जीव ओतून करी. १८९२ साली त्याचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई.

इतक्यात दुसरा घाव बसला. मामाची चांगली जमीन सावकाराच्या कर्जात गेली. कागदावर काय लिहिले आहे ते वाचणारा घरात कुणी नव्हता. अंगठा उठत गेला आणि शेत निघून गेले. त्या धक्क्याने मामा खचला आणि वारला. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा डेबूजी नांगर धरून बांधावर उभा राहिला, हा प्रसंग वऱ्हाडात आजही सांगतात.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. बापाच्या घरचा पैसा दारूने नेला, मामाच्या घरचा खोट्या हिशेबाने. दोन्हीकडे बायकापोरे उघडी पडली. दारुड्याच्या घरात पहिल्याने दारू शिरत नाही, पहिल्याने शिरतो खोटा हिशेब. पगार कमी झाला म्हणून सांगायचे, मित्राला उसने दिले म्हणायचे, बायकोच्या डब्यातले चार पैसे काढून नाही म्हणायचे. घरातला विश्वास आधी मरतो, माणूस मागाहून. डेबूजीने हे पुस्तकात वाचले नव्हते, स्वतः भोगले होते. पुढे याच माणसाच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये ओतले, आणि त्याने त्यातल्या पैशापैशाची जी काळजी घेतली, तिचे मूळ येथे आहे.

दारूविरुद्ध त्याचा पहिला उभा सामना झाला तो स्वतःच्याच घरी. पहिली मुलगी झाली. बारशाला जातीची पंगत बसायची, आणि पंगतीत मटण व दारू हवीच, असा दंडक. डेबूजीने पानांत गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, बडबडले, बहिष्काराच्या गोष्टी झाल्या. तो हलला नाही. ज्याला दुसऱ्याच्या घरची दारू सोडवायची आहे, त्याने आधी आपल्या घरचे बारसे कोरडे करावे, हे त्याने करून दाखवले.

१९०५ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात मडक्याचे खापर आणि खराटा. खापराला तिकडे गाडगे म्हणतात, म्हणून लोक गाडगेबुवा म्हणू लागले. ते पायीच फिरत. गावात शिरले की कुणाला न विचारता रस्ता झाडू लागत, तुंबलेली गटारे उपसत. काम केल्याशिवाय भाकरी मागायची नाही आणि मिळालेली भाकर त्याच खापरात खायची, हा नेम. दिवसा गाव झाडले, की रात्री कीर्तन. कीर्तनात देवकीनंदन गोपाळाचा गजर व्हायचा. मध्ये मध्ये बाबा वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुकं जनावर मारू नका, पोरांना शाळेत घाला, शिवाशीव पाळू नका. विषय एवढेच, पण माणूस ऐकता ऐकता आपल्याच घरात डोकावून येई.

आता त्यांच्या पैसा उभा करण्याच्या रीतीकडे वळू. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे, तिथे यात्रा भरते. चिखलात माणसे घसरून पडत. बाबांनी आधी वर्गणी मागितली नाही. आधी स्वतः चिखलात उतरून पायवाट केली. लोक पाहत राहिले, मग हात लावू लागले. हात लागले, तेव्हा मागून पैसा आला आणि १९०८ साली तेथे घाट झाला. आधी अंग, मग हात, मग पैसा, हा क्रम ध्यानात ठेवावा. आपण पुष्कळदा उलटे करतो. आधी पावतीपुस्तक घेऊन जातो आणि मग फेरीला माणसे का येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावतो.

पुढे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे बाबांच्या शब्दावर धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरीत वारी भरली की लाखो भाविक विठ्ठलाच्या दर्शनाला रांग लावीत, आणि बाबा वाळवंट झाडीत असत. पंढरीची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आयुष्यभर खपून उभारलेली वास्तू दुसऱ्याच्या हाती सोपवताना त्यांनी आपल्या नावाचा हट्ट धरला नाही.

एवढा पैसा आला, तरी बाबा पैशाला स्वतः हात लावीत नसत. देणाऱ्याने दिलेले विश्वस्तांकडे जाई आणि कामावर खर्ची पडे. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले, तेव्हाही आपल्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा या पैशावर हक्क राहू नये हीच त्यांची काळजी होती. कुंताबाईंनी आयुष्य गरिबीतच काढले. काहींना हे कठोर वाटेल, आणि संसाराच्या दृष्टीने ते कठोर होतेच. परंतु ज्याने लहानपणी बापाच्या आणि मामाच्या घरचा पैसा वाटेतच नाहीसा होताना पाहिला, त्याला जनतेचा पैसा ओंजळीतून गळू द्यायचा नव्हता. मागणाऱ्याचे खापर रिकामे आणि धर्मशाळेचा जोता भरलेला, हे लोकांना डोळ्यांनी दिसत होते. त्यांच्या झोळीची पत यात होती.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. बाबांचे शेवटचे कीर्तन झाले ते उपनगरांच्या दारातच, वांद्र्याला, पोलीस ठाण्यात. तारीख ८ नोव्हेंबर १९५६. त्या वेळी मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती आणि ती राखण्याचे काम पोलिसांचे. दंडुका ज्यांच्या हाती, त्यांच्याच अंगणात खराटेवाला साधू कीर्तनाला उभा राहिला. ते कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून तो खरखरीत आवाज आजही कानी पडतो. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीला आहे.

कायद्याचे काम कायदा करतो, नाही असे नाही. पण पुढे दारूबंदी सैल झाली, आणि चोरटी दारू तर कधी थांबलीच नव्हती. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यातली बहुतेक हातावर पोट असणारी. स्वस्तात मिळते म्हणून प्यायले आणि घरी आले ते मढेच. झिंगराजींच्या घरात १८८४ साली जे झाले, तेच एका वस्तीत घरोघर झाले. त्या घरांतही कुणी आठ वर्षांचा डेबू असेल. त्याचे पुढे काय, हा प्रश्न आपला आहे.

उपाय नाहीत असे नाही. ज्या वांद्र्यात बाबांचे शेवटचे कीर्तन झाले, त्याच वांद्र्यात १९८१ साली फादर जोसेफ परेरा यांनी व्यसनींसाठी कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट, ज्यांना सारे सुनंदाताई म्हणत, आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले. त्याला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगीचा हात दिला. धर्म निराळे, गाव निराळे, काम एकच. व्यसन हा आजार आहे, त्याला शिवी नको, औषध आणि सोबत हवी, हे आता डॉक्टरही सांगतात. एकाएकी दारू बंद केली तर अंगाला झटके येऊ शकतात, म्हणून ते वैद्याच्या देखरेखीखालीच करायचे. त्यानंतर महिनोन्‌महिने बैठका, बायकोमुलांची समजूत, पुन्हा कामावर रुजू होणे. फेरी एका सकाळी संपते, ही वाट मात्र लांबची आहे आणि वर्गणी लागते ती याच वाटेवर.

तेव्हा मंडळी, बोरिवलीहून अंधेरीपर्यंत चाला, मुलुंडहून घाटकोपरपर्यंत चाला, टाळमृदंग घेऊन चाला. परंतु पैसा मागायला निघण्यापूर्वी बाबांच्या चार गोष्टी पदरात बांधून घ्या. वर्गणी मागण्याआधी त्या वस्तीत काही तरी अंगमेहनतीचे काम करावे. पैसा एकाच्या हाती राहू नये, तिघांच्या सहीने राहावा. जमा किती, खर्च किती, उरले किती, हे फेरीच्या दुसऱ्याच दिवशी देवळाच्या किंवा चाळीच्या फळ्यावर लिहावे, चहाचा खर्चसुद्धा. आणि जो कुटुंबासकट उपचाराला उभा राहील, त्याचे नाव गावभर न करता त्याचा खर्च थेट उपचार करणाऱ्या संस्थेत भरावा, त्याच्या हाती रोख देऊ नये. मद्यविक्रेत्याच्या, मटकेवाल्याच्या पैशाला हात लावू नये हे तर सांगायलाच नको. आपल्या संप्रदायात गळ्यात तुळशीची माळ घालणारा दारू सोडतो. तशीच माळ त्या पावतीपुस्तकालाही घातली आहे असे समजून चालावे.

फळ्यावरचा तो खरा हिशेब दारुड्याची बायकोही वाचील आणि तिचा नवराही वाचील. ज्या घरात वर्षानुवर्षे खरा आकडा कुणी बोलला नाही, त्या घरासमोर कुणी तरी पैशापैशाचा खरा आकडा लिहितो आहे, हे त्या दोघांना दिसेल. बरे होण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या गोष्टीने होते. झिंगराजींच्या डेबूने उभ्या आयुष्यात दुसरे काय केले?