साल्मोनेला हे नाव कुणाचे?

टायफॉईडच्या रिपोर्टवर ‘साल्मोनेला टायफी’ असे वाचून काही रुग्ण विचारतात की, हा साल्मन माशातून येणारा आजार आहे का. माशाचा इथे काही संबंध नाही. हे एका अमेरिकन पशुवैद्यकाचे आडनाव आहे.

डॅनियल एल्मर साल्मन यांचा जन्म १८५० साली न्यू जर्सीत झाला. लहानपणीच आईवडील गेले, नातेवाइकांनी वाढवले. कॉर्नेल विद्यापीठात शिकून १८७६ साली त्यांनी पशुवैद्यकातली डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारे ते पहिलेच. १८८४ मध्ये सरकारने जनावरांच्या रोगांसाठी स्वतंत्र खाते काढले आणि त्याचे प्रमुखपद साल्मन यांना दिले.

त्या काळी तिथे डुकरांमध्ये ‘हॉग कॉलरा’ची साथ असे आणि कळपच्या कळप मरत. साल्मन यांच्या हाताखाली थिओबाल्ड स्मिथ नावाचा तरुण डॉक्टर होता. १८८५ च्या सुमारास त्याला आजारी डुकरांत एक जीवाणू सापडला. साथीचे कारण हेच, असे दोघांना वाटले. पण तसे नव्हते. साथ एका विषाणूमुळे होती, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध झाले. जीवाणू मात्र खरा होता आणि १९०० साली त्याच्या कुळाला प्रमुखांचे नाव मिळाले. शोधणारा बाजूलाच राहिला. (हे कुठल्याही खात्यात काम केलेल्यांना नवीन वाटणार नाही.) त्याच दोघांनी उष्णतेने मारलेले जंतू कबुतरांना टोचून त्यांना संरक्षण मिळते, हेही दाखवले. मेलेल्या जंतूंपासून लस करण्याचा मार्ग त्यातून खुला झाला.

साल्मन यांच्याच कारकिर्दीत, १८९० नंतर, अमेरिकेत सरकारी मांस तपासणी सुरू झाली. युरोपातल्या देशांनी अमेरिकन डुकराच्या मांसावर बंदी घातली होती, म्हणून निर्यातीच्या मांसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात ट्रायकिना नावाचे कृमी शोधले जात. गंमत अशी की साल्मोनेला या तपासणीत सापडत नाही. अगदी धडधाकट डुकराच्या आतड्यातही तो असू शकतो. कत्तलीच्या वेळी आतडे फाटले किंवा सुरी-हात अस्वच्छ असले, की तो मांसावर येतो. मांसाला वास येत नाही, रंगही बदलत नाही.

म्हणून ताजे दिसते तेवढ्यावर विसंबू नका. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजायला हवा, कारण वरचे जंतू दळताना आत मिसळतात. कच्चे मांस कापलेल्या सुरीने, पाटावर कोशिंबीर चिरू नका. घरात होणारे त्रास बऱ्याचदा इथूनच सुरू होतात. संसर्ग झाल्यास सहा तास ते सहा दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. बहुतेक जण ओआरएस आणि विश्रांतीने आठवड्याभरात बरे होतात; अँटिबायोटिक सहसा लागत नाही, ते आपल्या मनाने घेऊ नका. तान्हे बाळ, वयस्कर माणूस, गरोदर स्त्री किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे जा. टायफॉईडचा साल्मोनेला वेगळा: तो डुकरातून येत नाही, माणसाकडूनच दूषित पाण्या-अन्नातून माणसाकडे जातो.

साल्मन यांनी १९०५ साली पद सोडले, पुढे काही वर्षे उरुग्वेत पशुवैद्यक शिकवले, आणि १९१४ मध्ये माँटाना राज्यात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.