लाटा वाटून टाकणारा माणूस

होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर ब्राँझचा एक पुतळा उभा आहे. दोन्ही बाहू पसरलेले, पाठीशी उंच फळी आणि त्या बाहूंवर पर्यटकांनी घातलेल्या फुलांच्या ताज्या माळा. १९९० साली हा पुतळा उभारला गेला तेव्हा स्थानिक जाणकारांनी एक आक्षेप घेतला होता. पुतळ्याचे तोंड शहराकडे आहे आणि पाठ समुद्राकडे. लाटांवर वाढलेला माणूस समुद्राकडे कधीही पाठ करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप रास्त होता. मात्र ज्याचा हा पुतळा आहे त्या ड्यूक कहानामोकुचे आयुष्य पाहिले, की त्या उभे राहण्याला निराळाच अर्थ येतो. समुद्र पाठीशी घेऊन येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत करणे, हेच त्याच्या वाट्याला आलेले काम होते.

ड्यूकचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलूत झाला. ड्यूक ही त्याची पदवी नव्हे. १८६९ मध्ये एडिंबराचा ड्यूक, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड, हवाईच्या भेटीला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून ड्यूकच्या वडिलांना हे नाव ठेवण्यात आले आणि ते थोरल्या मुलाकडे आले. वडील पोलीस खात्यात होते. सहा भाऊ, तीन बहिणी असे हे मोठे कुटुंब वायकिकीच्या कालिया भागात समुद्राला लागूनच राहत होते. ड्यूकचे शालेय शिक्षण अर्धवट सुटले. पोहणे, होडी वल्हवणे आणि लाटेवर उभे राहणे या विद्या मात्र त्याने घराच्या अंगणातच आत्मसात केल्या.

तो अडीच वर्षांचाही नव्हता तेव्हा, जानेवारी १८९३ मध्ये, अमेरिकी हितसंबंध असलेल्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली. युरोपीय लोकांनी आणलेल्या रोगांनी मूळ हवाई लोकसंख्येचा आधीच फडशा पाडला होता. १८९० च्या जनगणनेत मिश्र वंशाचे धरूनही ती सुमारे चाळीस हजारांवर आली होती. ज्या खेळाला हवाईची भाषा ‘हेए नालू’ म्हणते, जो राजापासून कोळ्यापर्यंत सारे खेळत आणि ज्याचे वर्णन कॅप्टन कुकच्या सफरीतील अधिकाऱ्यांनी १७७९ साली आश्चर्याने करून ठेवले, तो खेळही माणसांबरोबर ओसरत चालला होता. १८२० नंतर आलेल्या धर्मोपदेशकांना त्यातील उघडी शरीरे, स्त्री-पुरुषांचा एकत्र वावर आणि पैजा पसंत नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोजक्याच किनाऱ्यांवर मोजकीच माणसे फळ्या घेऊन समुद्रात उतरत होती. कालियाची मुले त्यांपैकी होती.

पुढे खेळ सावरला आणि त्याला पर्यटनाचा मोठा हातभार लागला, हा इतिहासातला विरोधाभास आहे. १९०१ साली वायकिकीला मोआना हॉटेल उघडले. १९०७ मध्ये अमेरिकी कादंबरीकार जॅक लंडन तेथे आला, लाटेवर उभे राहायला शिकला, उन्हाने पाठ भाजून घेऊन अंथरुणाला खिळला आणि त्या अनुभवावर त्याने लिहिलेला लेख अमेरिकाभर वाचला गेला. पुढल्याच वर्षी ‘आउटरिगर कनू क्लब’ स्थापन झाला. त्याचे सभासद बहुतांशी गोरे होते. ड्यूक आणि त्याच्या सोबत्यांनी ‘हुई नालू’ म्हणजे ‘लाटांचे मंडळ’ हा आपला निराळा क्लब काढला.

११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलूच्या बंदरातील खाऱ्या पाण्यात पोहण्याच्या अधिकृत स्पर्धा झाल्या. ड्यूकने शंभर यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत कापले. त्या वेळच्या विक्रमाहून ही वेळ साडेचार सेकंदांहूनही अधिक कमी होती. अंतर पुन्हा मोजले गेले, ते बरोबर भरले. तरीही मुख्य भूमीवरील अमेरिकी हौशी क्रीडासंघाने विक्रम मान्य करण्यास नकार दिला. पाण्याच्या प्रवाहाची मदत झाली असावी, घड्याळे चुकली असावीत, अशा शंका काढण्यात आल्या. मग होनोलुलूकरांनी वर्गणी जमवून त्याला अमेरिकेला पाठवले. तलावात पोहण्याची, भिंतीला पाय लावून वळण्याची त्याला सवय नव्हती. पिट्सबर्गच्या थंड पाण्यात पायात गोळे येऊन त्याला एक शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. त्यातून सावरून त्याने ऑलिम्पिकच्या संघात जागा मिळवली.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये गैरसमजातून अमेरिकी जलतरणपटू शंभर मीटरच्या उपांत्य फेरीला पोहोचलेच नाहीत. नियमाने ते बाद ठरले होते. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा सेसिल हिली, ज्याला ते नसते तर सुवर्णपदक जवळजवळ निश्चित होते, त्यांच्या बाजूने उभा राहिला. अमेरिकी खेळाडूंसाठी जादा फेरी घेण्यात आली. अंतिम शर्यत ड्यूकने एक मिनिट ३.४ सेकंदांत जिंकली आणि हिली दुसरा आला. हा हिली १९१८ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. त्याच्या दिलदारीने ड्यूकला केवळ पदक नव्हे, तर पुढचे सारे आयुष्य दिले, असे म्हणता येईल.

ऑस्ट्रेलियाशी जुळलेला हा धागा लवकरच उपयोगी पडला. १९१४-१५ च्या तिथल्या उन्हाळ्यात ड्यूक पोहण्याच्या स्पर्धांसाठी सिडनीला गेला. हवाईहून फळी आणलेली नव्हती, म्हणून त्याने तेथल्याच पाइनच्या लाकडाची फळी घडवली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लाटेवर उभे राहून दाखवले. इसाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या स्थानिक मुलीला त्याने आपल्या पुढे फळीवर उभे केले. तिला लाट पुढ्यात येताच भीती वाटली. तिची मानगूट धरून त्याने तिला उभे केले आणि दोघे किनाऱ्यापर्यंत आली. ऑस्ट्रेलियात हा खेळ रुजला तो या उन्हाळ्याने. ती फळी फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबने आजवर जपून ठेवली आहे.

महायुद्धामुळे १९१६ चे ऑलिम्पिक झाले नाही आणि ऐन उमेदीची वर्षे वाया गेली. १९२० मध्ये अँटवर्पला ड्यूकने आपल्या तिसाव्या वाढदिवशी शंभर मीटरची शर्यत विश्वविक्रमी वेळात जिंकली. तक्रार झाल्याने ती पुन्हा घेण्यात आली, तेव्हा पुन्हा जिंकली. चार जणांच्या शर्यतीतही सुवर्ण मिळाले. १९२४ मध्ये पॅरिसला त्याला जॉनी वाइसमुलरने हरवले. ड्यूक दुसरा आला आणि तिसरा आला त्याचा धाकटा भाऊ सॅम. वाइसमुलर पुढे टारझन म्हणून जगभर गाजला. ड्यूकही हॉलिवूडमध्ये होता. पण त्याच्या वाट्याला टोळीप्रमुख, खलाशी, कुठलातरी परदेशी अशा दुय्यम भूमिकाच आल्या. सावळ्या वर्णाच्या माणसाला नायक करण्याची त्या काळाची तयारी नव्हती. ऑलिम्पिक विजेता असूनही मुख्य भूमीवरील काही उपाहारगृहांत त्याला जेवण नाकारले गेले.

त्याच कॅलिफोर्नियात १४ जून १९२५ रोजी कोरोना डेल मार येथे ‘थेल्मा’ नावाची मासेमारीची होडी उसळत्या लाटांत उलटली. किनाऱ्यावर असलेला ड्यूक आपली फळी घेऊन पाण्यात घुसला. बुडणाऱ्या माणसाला फळीवर ओढायचे, किनाऱ्याला आणायचे आणि पुन्हा त्या फेसात शिरायचे, असे त्याने अनेकदा केले. त्या दिवशी बारा जण वाचले, त्यांतील आठ ड्यूकने वाचवले. सतरा जण बुडाले. खेळासाठी असलेली फळी जीव वाचवण्याचे साधन आहे, हे त्या दिवशी साऱ्यांना दिसले आणि किनाऱ्यावरील जीवरक्षकांच्या साहित्यात तिचा समावेश होत गेला.

कीर्ती मोठी असली तरी मिळकत मोठी नव्हती. हौशी खेळाडूने खेळावर पैसा मिळवू नये, असा त्या काळचा दंडक होता आणि तो मोडला तर ऑलिम्पिकचे दार बंद होत असे. ड्यूकने पेट्रोलपंप चालवले, नगरपालिकेच्या इमारतीची देखभाल केली. १९३४ साली तो होनोलुलूचा शेरीफ निवडून आला आणि त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ, तेरा वेळा, निवडून येत राहिला. पदाला मान होता, अधिकार फारसे नव्हते आणि पगारही बेताचाच होता. १९४० मध्ये नृत्यशिक्षिका नेडीन अलेक्झांडर हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याचे नाव शर्टांवर आले, हॉटेलांवर आले. त्या नावातून होणाऱ्या कमाईचा मोठा वाटा इतरांकडे गेला.

हे सारे चालू असताना वायकिकीच्या वाळूवर आणखी एक काम अखंड चालू होते. ‘बीच बॉइज’ म्हणून ओळखले जाणारे हवाईचे तरुण पाहुण्यांना लाटेवर उभे राहायला शिकवत. वायकिकीचा समुद्र नवशिक्यासाठी जणू घडवलेला आहे. उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातील वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येथे पोहोचतात आणि उथळ प्रवाळखडकांवरून संथपणे, लांबवर फुटत जातात. शिकवण्याची पद्धतही साधी होती. पाहुण्याला फळीवर पालथे झोपवायचे, योग्य लाट ओळखायची, ती मागून आली की फळीला ढकलायचे. मग आधी गुडघ्यांवर, नंतर पाय रोवून उभे. बहुतेकांचा पहिला प्रयत्न पाण्यातच संपे. १९२० मध्ये इंग्लंडचा युवराज एडवर्ड येथे आला तेव्हा त्याला लाटेवर नेणाऱ्यांत ड्यूक होता. १९२२ साली अगाथा ख्रिस्ती पतीसह येथे आली आणि पाय रक्ताळेपर्यंत धडपडून अखेर उभी राहिलीच. युवराज असो की कारकून, लाट सर्वांना सारखीच पाडत होती.

आज उष्ण कटिबंधातील पर्यटनस्थळांवर विजेची फळी भाड्याने मिळते. तिच्या पोटात बॅटरी आणि मोटर असते, हातात वेग कमी-जास्त करणारे यंत्र असते आणि लाट नसलेल्या निवांत खाडीतही नवशिका अर्ध्या-पाऊण तासात पाण्यावरून धावू लागतो. शिकण्याच्या पायऱ्या मात्र त्याच आहेत: आधी पालथे, मग गुडघ्यांवर, मग उभे, नजर पायांकडे नव्हे तर पुढे. बदलले आहे ते एवढेच, की आता वाट पाहावी लागत नाही. ड्यूकच्या विद्येचा अर्धा भाग फळीवर बसून क्षितिजाकडे पाहण्यात होता. कोणती लाट घ्यायची आणि कोणती दुसऱ्यासाठी सोडायची, हे त्यात येत होते. त्याची आवडती कोआ लाकडाची फळी सोळा फूट लांब आणि पन्नास किलोंहून जड होती. १९१७ च्या सुमारास तिच्याहून लहान फळीवर त्याने एकाच प्रचंड लाटेवर मैलभराहून अधिक अंतर कापल्याची हकिगत वायकिकीत अजून सांगितली जाते. तेवढ्या लाटेसाठी किती वेळ थांबावे लागले असेल, याची नोंद कोणी ठेवली नाही.

१९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. शेरीफचे पद संपुष्टात आल्यावर ड्यूकला राज्याचा अधिकृत स्वागतकर्ता नेमण्यात आले. विमानतळावर, बंदरावर, मेजवान्यांत पाहुण्यांच्या गळ्यात माळा घालण्याचे हे काम होते. ज्या राणीचे राज्य त्याच्या बालपणी हिरावले गेले, तिच्या भूमीच्या वतीने तो नव्या सत्तेच्या पाहुण्यांचे स्वागत करीत होता. त्यातला सल त्याने बोलून दाखवल्याचे दिसत नाही. त्याच्या लोकांनी मात्र तो विसरलेला नाही. हवाईच्या किनाऱ्यांवर हॉटेले वाढली, समुद्राकाठच्या जमिनी महागल्या आणि मूळ रहिवासी मागे ढकलले गेले. कालियाच्या त्याच्या बालपणीच्या परिसरातही आज मोठे हॉटेल उभे आहे.

२२ जानेवारी १९६८ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, ड्यूकचे निधन झाले. वायकिकीच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले, बीच बॉइजनी होड्या समुद्रात नेल्या आणि त्याची रक्षा लाटांपलीकडे विसर्जित केली. सर्फिंगला ऑलिम्पिकमध्ये स्थान मिळावे ही त्याची जुनी इच्छा होती. ती पूर्ण व्हायला आणखी त्रेपन्न वर्षे लागली. टोकियो ऑलिम्पिक २०२१ मध्ये झाले तेव्हा सर्फिंगमधील महिलांचे पहिले सुवर्णपदक कॅरिसा मूर हिने पटकावले. ती होनोलुलूचीच, मूळ हवाई वंशाची. बुडत चाललेली एक विद्या ज्या किनाऱ्यावर ड्यूकने मुठीत घट्ट न धरता येईल त्याला देऊन टाकली, त्याच किनाऱ्यावर ती फळीवर उभी राहायला शिकली होती.